खुनी डॉक्टर नव्हता: छावणी आणि दौलताबादचे दोन दिवस

शुक्रवारी संध्याकाळी मी एक इंग्रजी डिटेक्टिव्ह मालिका बघून संपवली आणि शनिवारी सकाळी सहाला वाकडेवाडीच्या स्टँडवर संभाजीनगरच्या गाडीत बसले. एरवी माझ्या सहली कशा ठरतात ते हा ब्लॉग वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. महिनाभर आधी यादी, मग त्या यादीची यादी, मग नवऱ्याकडून टिंगल. या वेळी बॅगेत दोन कुर्ते कोंबले, टूथब्रश विसरले आणि नवऱ्याला "जुन्या गावी जाऊन येते" एवढंच सांगितलं. त्या गावात आता आमचं कुणीही राहत नाही हे त्याच्या लक्षात यायच्या आत मी रिक्षात होते.

कारण सांगायचं तर आधी व्यसन सांगायला हवं. मला ब्रिटिश डिटेक्टिव्ह मालिका बघायचं व्यसन आहे. जुन्या रहस्यकादंबऱ्यांवर बेतलेल्या असतात, त्याच त्या. हिरवंगार खेडं, दगडी चर्च, नीट कातरलेली कुंपणं, सायकलला पुढे टोपली, आणि दर भागात कमीत कमी दोन मुडदे. एवढ्याशा गावात इतके खून होऊनही तिथली माणसं घरं विकून पळ का काढत नाहीत, हे मला आजवर कळलेलं नाही. कुणी मेलं की लगेच चहाची किटली चढते. शेवटी डिटेक्टिव्ह सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो, एकेकाची पोलखोल करतो, आणि ज्याच्यावर आपला अजिबात संशय नव्हता तो मान खाली घालतो. मला ते फार आवडतं. आपल्याकडे कुणी कुणाला इतकं नीट काही समजावून सांगत नाही.

शुक्रवारची मालिका नवीन होती, पण गोष्ट जुन्या ओळखीची. गावच्या फुलांच्या प्रदर्शनाला परीक्षक म्हणून आलेला म्हातारा कर्नल चहा पिता पिता कोसळतो. खुनी गावचा डॉक्टर. हे मला सोळाव्या वर्षापासून माहीत होतं, कारण याच कादंबरीवरची जुनी मालिका मी तेव्हा केबलवर पाहिली होती. म्हणून मी निवांत लसूण सोलत बघत होते. शेवटच्या दहा मिनिटांत डॉक्टर बाजूलाच राहिला, आणि पोस्ट चालवणारी बाई उठून चष्मा पुसत म्हणाली की हो, मीच.

लसूण खाली सांडला. मी शोधाशोध केली तेव्हा उलगडा झाला. कादंबरीत खुनी पहिल्यापासून पोस्टवाली बाईच आहे. जुन्या मालिकेवाल्यांनी तो बदलून डॉक्टर केला होता. हे लोक असं करतात. पुस्तक वाचलेल्यांनाही धक्का बसावा म्हणून कधीकधी शेवटच फिरवतात, मग रसिक त्यावर हमरीतुमरीवर येतात. मला कुणाशी भांडायचं नव्हतं. पण मला बसवेना आणि उभंही राहवेना. कारण अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्या कादंबरीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं "खुनी: डॉक्टर" असं मी लिहिलं होतं, आणि त्याची शिक्षा दुसऱ्या मुलीला झाली होती.

ती मुलगी म्हणजे कौसा. आम्ही तेव्हा संभाजीनगरच्या छावणीत, म्हणजे लष्कराच्या वस्तीत राहायचो, बाबा तिथल्या एका कचेरीत होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मुनीर चाचांची लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे एक दुकान, तीन भिंतींना मांडण्या आणि बाहेर एक बाक. कौसा दौलताबादची, घरची मेंढरं. तिची शाळा छावणीत होती, माझ्याहून वेगळी, आणि एसटीचा पास होता. रविवारी शाळा नसली तरी ती यायची, कारण रविवारी मी त्या बाकावर असायचे. इंग्रजी रहस्यकथांच्या मराठी अनुवादांचा आम्ही दोघी मिळून फडशा पाडायचो. इंग्लंडमधलं खेडं डोळ्यांपुढे आणायला आम्हाला काही कष्ट पडले नाहीत. छावणीत चर्च होतं, कौलारू बंगले होते, रस्त्याच्या कडेला चुना फासलेले दगड ओळीनं होते. कर्नलसुद्धा होते. फक्त ते मरत नव्हते.

कर्नलच्या खुनाचं पुस्तक आलं तेव्हा नंबर माझा होता. चाचांनी ते आधी कौसाला दिलं, ती लांबून येते म्हणून. मी जळफळले. त्याच आठवड्यात केबलवर ती मालिका लागली आणि मला शेवट कळला. पुढच्या रविवारी कौसा पुस्तक परत घेऊन आली. ते बाकावर माझ्यापाशी ठेवून ती पाणी प्यायला आत गेली, आणि मी पेन्सिल काढली. नंतर चाचांना ऐटीत सांगितलं की मला नको हे पुस्तक, मला शेवट माहीत आहे. पुस्तक एका निवृत्त सुभेदारांकडे गेलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते चाचांच्या टेबलावर आणून आदळलं. खुन्याचं नाव फोडणं हा त्या दुकानातला सगळ्यात मोठा गुन्हा होता, तशी भिंतीवर पाटीच होती. रजिस्टरमध्ये आधीचं नाव कौसाचं. पुढच्या रविवारी चाचांनी सगळ्यांदेखत तिचं कार्ड फाडलं. ती माझ्याकडे बघत होती. मी खाली वाकून चपलेचा पट्टा लावत बसले.

त्यानंतर ती मला दिसली नाही. वर्षभरात बाबांची बदली झाली. माझ्यामुळे एका हुशार मुलीचं वाचन सुटलं, हे मी तेव्हापासून बरोबर घेऊन फिरते आहे. त्या दिवसानंतर मी एकही रहस्यकथा वाचली नाही, फक्त मालिका बघितल्या. आणि आता शुक्रवारी कळलं की मी लिहिलेलं नाव मुळात चूक होतं. कौसानं तर ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलं होतं. वाचलेली मुलगी "डॉक्टर" कशाला लिहील? तिच्या निर्दोषपणाचा पुरावा इतकी वर्षं त्याच पानावर, माझ्याच अक्षरात पडून होता. हे चाचांना आणि तिला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नव्हती.

तर आता रस्ता. पुण्याहून गाड्या पहाटेपासून आहेत, मी विजेवरची एसी घेतली. बायकांना अर्धं तिकीट. वेळ कागदावर दिलेला असतो त्यापेक्षा एक तास जास्त धरा, कारण अहिल्यानगरच्या आधी आणि वाळूजला गाडी मुंगीच्या पावलानं जाते. सकाळी निघणार असाल तर डावी खिडकी घ्या, उजवीकडून ऊन येतं. सुप्याजवळ गाडी ज्या हॉटेलात थांबते तिथली मिसळ बरी आहे, चहा नको. दिवाळी तोंडावर होती. नेवासा फाट्यानंतर दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मध्येच उसाचे हिरवे पट्टे, आणि कायगाव टोक्याला गोदावरीचा लांबलचक पूल. मी यातलं काही धड बघितलं नाही. चाचा असतील की नाही, असले तर काय बोलायचं, याची वाक्यं जुळवत होते.

शेजारी गंगापूरच्या एक बाई होत्या, लेकीकडून परत निघालेल्या. त्यांनी मला दोनदा शेंगदाण्याची चिक्की दिली आणि मग राहवलं नाही.

"कुनाकडं चालल्या?"

"मैत्रिणीकडं."

"फोन केला का तिला?"

"नंबर नाही माझ्याकडं."

"मंग ती घरी नसली म्हंजे?" त्यांनी विचारलं. मी चिक्कीचा तुकडा मोडला. मला काळजी होती ती घरी असली तर काय याची.

पुण्याकडून येणाऱ्यांना छावणीत जायचं असेल तर सेंट्रल स्टँडपर्यंत जायची गरज नाही. नगर नाक्याला उतरा, तिथून पायी जाता येतं. चर्च जागेवर होतं. दगडांना चुनाही होता, आता त्याला गेरूचे पट्टे आहेत. चाचांच्या दुकानात झेरॉक्सचं मशीन आणि मोबाइलची कव्हरं होती. त्यांची सून दुकान सांभाळते. मी चाचांचं नाव काढताच तिनं मान मागे वळवून आतल्या खोलीकडे बोट केलं, तेवढ्यात आतून आवाज आला.

"कौन है?"

चाचा खुर्चीत होते, पायावर शाल. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"माधुरी ना तू? दूसरी गल्ली. बैठ."

मी गाडीत जुळवलेली सगळी वाक्यं विसरले. "चाचा, ते डॉक्टरचं नाव मी लिहिलं होतं. कौसानं नाही."

"हौ," चाचा म्हणाले. "मालूम है."

"कधीपासून?"

"आठ दिन में मालूम पडा." त्यांनी सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला आणि खुर्चीत सरळ होऊन बसले. मी इतकी वर्षं पडद्यावर बघत आलेला दिवाणखान्याचा प्रसंग आता माझ्यावर आला होता, झेरॉक्सच्या खडखडाटात. "देख बेटी. मैं किताब हमेशा सब के बाद पढता था. गिऱ्हाईकाचं आधी. सुभेदार ने वापस फेकी तो सोचा, चलो, अब मैंच पढ लूं, मजा तो वैसे बी गया. आखरी पन्ने पे क्या देखता, पोस्टवाली बाई. मैं सर पे हाथ मारा. जो लडकी पूरी किताब पढके लाई, वो डॉक्टर कायकू लिखेगी?"

मी मान हलवली.

"तो फिर लिखा कौन? जिसने किताब पढी नहीं, पर जिसको लगता उसे शेवट माहीत है. ऐसी एकच लडकी थी. मेरे मुंह पे बोल के गई थी."

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"तू बोलेगी करके राह देखा. दो-तीन इतवार. फिर तू आनाच बंद कर दी."

मी कौसाबद्दल विचारलं. चाचा म्हणाले की पुढच्याच गुरुवारी ते छावणीच्या बाजारात गेले. कौसाचे वडील तिथे मेंढरं विकायला यायचे. त्यांच्यापुढे हात जोडले, नवं कार्ड करून दिलं. कौसा परत आली. लग्न गावातच झालं, त्यानंतरही येत राहिली, दर बाजाराला. लॉकडाउनमध्ये लायब्ररी बंद झाली तोवर.

मला हायसं वाटलं. खरंच वाटलं, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं. मग एक गोष्ट ध्यानात आली.

"पण चाचा, मी त्यानंतर दोन-तीन रविवार आलेच होते. मला ती कधी दिसली नाही."

चाचांनी कपातला चहा फुंकला. "मैं उसको बोला था, इतवार को आ, माधुरी आती. वो बोली, इसी लिए गुरुवार को आऊंगी."

अठ्ठावीस वर्षं मी स्वतःला एका मुलीचं वाचन तोडणारी समजत होते. त्यात अपराध होता, आणि खरं सांगायचं तर थोडी मोठेपणाची हौसही होती. तिचं वाचन सुटलंच नव्हतं. तिनं सोडलं होतं ते मला. मला त्या खोलीत फार रडू आलं आणि चाचांनी मला रडू दिलं.

मग त्यांनी पलंगाखालची खोकी ओढायला लावली. कर्नलचं पुस्तक सगळ्यात वर होतं, माझं गोल गोल अक्षर जसंच्या तसं. बाकीची उघडली तर प्रत्येकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं एक नाव. खूनी: माळी. खूनी: वकील. खूनी: भाचा. सगळी चाचांच्या हातची, आणि सगळी चुकीची.

"तेरी मेहरबानी," चाचा म्हणाले. "वो डॉक्टरवाली किताब सब से जास्त चली. लोग नाव देखके नाराज होते, तरी पढते, और आखिर में उछलते. तो मैं सब में लिखना शुरू करा. पाटी भी उतार दिया."

त्यांनी सांगितलं की कौसा दौलताबादला किल्ल्याच्या समोर फळं विकते. खोक्यातली बरीच पुस्तकं तिच्याकडेच गेली आहेत. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं की कर्नलचं पुस्तक नेतेस का. माझा हात पुढे झाला नाही.

खाण्याबद्दल लिहायचं राहून जाऊ नये. संध्याकाळी शहरात नान कलिया खाल्ला. मटणाचा लाल रस्सा आणि हळदीचा हात फिरवलेला जाड, मऊ नान. शहरात याल तर खाल्ल्याशिवाय जाऊ नका, आणि दुकान निवडताना पाट्या वाचू नका, गर्दी बघा. मला अर्धाच गेला. राहायला स्टेशनजवळ साधं लॉज मिळालं, स्वच्छ होतं, टूथब्रश समोरच्या दुकानात मिळाला.

रविवारी सकाळी दौलताबाद. खुलताबाद-वेरूळकडे जाणारी कुठलीही एसटी चालते, शेअर रिक्षाही आहेत. पडेगाव, मिटमिटा मागे पडलं की डोंगर कापल्यासारखा तो किल्ला दिसू लागतो. अर्ध्या तासात मी पोचलेसुद्धा. रस्त्याच्या कडेला पेरू आणि सीताफळांच्या टोपल्यांची रांग होती, आणि तिसऱ्या टोपलीपाशी चष्मा लावलेली एक बाई तागडीआड पुस्तक धरून वाचत होती. मान तशीच एका बाजूला. मी तिला बसच्या खिडकीतून ओळखलं, खाली उतरले, आणि सरळ किल्ल्याचं तिकीट काढलं.

किल्ल्याची माहिती हवी असेल त्यांच्यासाठी: सकाळी लवकर जा, बूट घाला, पाणी वरपर्यंत पुरेल इतकं घ्या, आणि खाण्याची पिशवी हातात मिरवू नका, वानरं धीट आहेत. माथ्यापर्यंत जाऊन यायला तीन तास हाताशी ठेवा. मी चांद मिनार पाहिला न पाहिल्यासारखा केला, खंदकावरचा पूल ओलांडला आणि अंधारीच्या तोंडाशी जाऊन थांबले. हा डोंगराच्या पोटातला काळोखा, वळणावळणाचा बोगदा. आत वटवाघळांचा वास असतो. एक गाइड नाशिकच्या कुटुंबाला सांगत होता, "शत्रूला वाटायचं सापडली वाट. आन वाट त्याला बरोबर खंदकात नेऊन टाकायची." त्यातल्या आजी म्हणाल्या, "मग परत फिरायचं की त्यानं." गाइडनं टॉर्च लावून सगळ्यांना आत नेलं. मी मात्र परत फिरले.

कौसानं मान वर न करताच सांगितलं, "पेरू आजचा हाय. सीताफळ उद्या खायचं." मग वर बघितलं.

"कौसा, मी..."

"माधुरी. वळखलं मी." तिनं पुस्तक तागडीवर पालथं ठेवलं. "चाचाचा फोन आला व्हता काल. तू आधी किल्ल्यात गेलीस. बघितलं मी."

"हिंमत होत नव्हती."

"व्हय. तवाबी नव्हती."

मी सांगून टाकलं. पेन्सिल, राग, केबल, सगळं. मध्ये एक पुण्याची गाडी थांबली आणि ती म्हणाली, "थांब, गिऱ्हाईक." माझी माफी अर्ध्यावर ठेवून तिनं दोन किलो पेरू विकले, एक दबका निघाला तो बदलून दिला. मग परत माझ्याकडे वळली.

"नाव लिहिलंस त्याचं मला काय नाय. पेन्सिलीचं व्हतं, खोडता आलं असतं. चाचानं कार्ड फाडलं तवा मी तुझ्याकडं बघितलं. म्हनलं आता बोलंल, आता बोलंल. तू चपलीचा पट्टा लावीत बसलीस. लई येळ लावलास माधुरी. पट्टा तुटलेला नव्हता."

"नव्हता," मी म्हणाले.

"तेवढंच व्हतं माझं." तिनं पदरानं चष्मा पुसला. "मला येकच मैतरीन व्हती त्या गावात."

मला वाटलं होतं कबुली दिली की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. मी टोपलीशेजारी पोत्यावर बसले. मग तिनंच विचारलं की टीव्हीवाले खुनी बदलतात हे खरं का. मी फोन काढून नव्या मालिकेची शेवटची दहा मिनिटं लावली. तिनं फोन लांब धरून सगळं शांतपणे पाहिलं. मधल्या एका गिऱ्हाइकाला तिनं हातानंच थांबवलं.

"खुनी बरोबर हाय," ती म्हणाली. "पर पोस्टवाली अशी नाय. पुस्तकात ती आधी सगळ्यांची पत्रं वाटती. एकूनेक पत्र. मंग उठून सांगती. हितं नुसतीच उठली."

"मला माहीत नाही. मी ते वाचलंच नाही. त्या दिवसानंतर एकही वाचलं नाही."

कौसानं माझ्याकडे वळून पाहिलं. "मी बंद केलं नाय, आन तू केलं? येडी का काय तू?" आणि ती हसली. तेच हसू, एका बाजूनं दात दिसणारं. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच एक सीताफळ फोडलं. ते कच्चं होतं.

निघताना तिनं तागडीवरचं पुस्तक उचललं. तिचं वाचून झालं होतं, दुसऱ्यांदा चाललं होतं. पहिल्या पानावर चाचांच्या अक्षरात "खूनी: भाऊ" असं होतं. कौसानं पिशवीचं रबर काढून बोटाला गुंडाळलं, ते नाव घासून घासून खोडलं, कानामागची पेन्सिल घेतली आणि वळणदार अक्षरात दुसरं लिहिलं. खुनी: बहीण.

"हे खरं की खोटं?" मी विचारलं.

"वाच. कळंल."

मी घेतलेल्या पेरूंचे पैसे तिनं पुरते घेतले. फोन नंबर तिनं दिला नाही, मीही मागितला नाही. एवढं म्हणाली की गुरुवारी ती इथे नसते, छावणीच्या बाजारात बसते.

परतीची गाडी सेंट्रल स्टँडवरून घेतली, रविवारी दुपारी जागा मिळणं कठीण, आधी काढून ठेवा. वाळूजला गाडी नेहमीप्रमाणे अडकली आणि मी पुस्तक उघडलं. अठ्ठावीस वर्षांनी रहस्यकथा वाचत होते आणि ती मला सुखानं वाचता येत नव्हती, कारण पहिल्या पानावरचं ते नाव सारखं डोळ्यांपुढे येत होतं. चाचांची रीत मला माहीत होती. म्हणजे बहीण नक्की नाही. तिला मी पहिल्या प्रकरणातच यादीतून काढलं. संशय घेतला पुतण्यावर, मग स्वयंपाकिणीवर, मग त्या लंगड्या वकिलावर. बहीण बिचारी सगळ्यांना चहा देत होती. सोमवारी ऑफिसात डबा खाताना वाचलं, मंगळवारी बसमध्ये. बुधवारी संध्याकाळी गॅसवर वरण ठेवून शेवटचं प्रकरण घेतलं.

खुनी बहीणच होती.

मी पुन्हा पहिलं पान काढलं. कौसानं मला खरं नाव सांगितलं होतं. अगदी सुरुवातीला, स्वच्छ अक्षरात, वाचताच येणार नाही असं काही नव्हतंच त्यात. तीनशे पानं मी ते मानलं नाही. सोळाव्या वर्षी मी तिला खोटं नाव लिहून अडकवलं, आणि तिनं परतफेड म्हणून माझं सगळं पुस्तक खऱ्या नावानं नासवलं. मी स्वयंपाकघरात एकटीच हसले, वरण उतू गेलं, आणि नवरा बघायला आला तेव्हा मला रडूही येत होतं.

या सहलीतून काय राहिलं ते एरवी मी इथे लिहिते. किल्ला अर्धा राहिला, नान कलिया अर्धा राहिला, माफी मिळाली की नाही ते मला अजून सांगता येत नाही. मालिकेचा नवा भाग आला आहे, तो मी लावलेला नाही. चपलेचा पट्टा गेल्या आठवड्यात खरंच तुटला, तो मोच्याकडून शिवून घेतला. पुढच्या गुरुवारची रजा टाकली आहे. अर्जात कारण लिहायची जागा असते, तिथे लिहिलं: लायब्ररीचं पुस्तक परत करायचं आहे.